हवा मोजणारे मास्तर

क्रोएशियातल्या लोशिन बेटाकडे जगाला विकण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, तेव्हा तिथल्या एका मास्तरांनी बेटावरची हवा मोजायला घेतली. अंब्रोझ हाराचिच त्यांचं नाव. जन्म १८५५ चा, बेटावरचाच. व्हिएन्नाला जाऊन शिकले, परत आले आणि माली लोशिन गावातल्या नौकानयन शाळेत शिकवायला लागले. शिकवता शिकवता तापमान, पाऊस, वारा, ढग यांच्या नोंदी ठेवू लागले आणि वर्षानुवर्षं त्यात खंड पडू दिला नाही. बेट तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. १८९२ साली ऑस्ट्रियन सरकारने माली लोशिन आणि वेली लोशिन या दोन गावांना आरोग्यस्थान म्हणून अधिकृत मान्यता दिली, त्यामागे या नोंदींचा मोठा आधार होता. आज उन्हाळ्यात तिथे जी झुंबड उडते, हॉटेलं भरतात, खाडीकाठच्या पाइनच्या सावलीत टॉवेल टाकायला जागा उरत नाही, त्या सगळ्याचं मूळ एका शिक्षकाच्या वह्यांमध्ये आहे. हे कळल्यापासून मला या बेटाबद्दल फार आपुलकी वाटते.

क्रोएशियाच्या वायव्येला, एड्रियाटिक समुद्राच्या क्वार्नेर आखातात त्स्रेस आणि लोशिन ही दोन लांबट बेटं एकापुढे एक पसरली आहेत. एड्रियाटिक म्हणजे भूमध्य समुद्राचाच उत्तरेकडे आत घुसलेला फाटा. मुलगा म्युनिकला असतो. त्याच्याकडे गेलो की मी आणि माझा नवरा तिथून कुठेतरी समुद्राकडे निघतो. त्या वर्षी सप्टेंबर उलटत आला होता, गर्दी ओसरली होती, म्हणून लोशिन ठरलं. रस्ता त्स्रेसच्या कण्यावरून जातो. दोन्ही बाजूंना पांढुरका चुनखडीचा खडक, त्यात सेजची करडी झुडपं, आणि चुना-सिमेंट न लावता नुसत्या दगडावर दगड रचून केलेल्या गडग्यांच्या रांगा डोंगर चढून पलीकडे उतरलेल्या. हे गडगे शतकानुशतकं मेंढ्यांसाठी आणि ऑलिव्हसाठी रचले गेले. शेतातला दगड उचलला नाही तर माती दिसत नाही, आणि उचललेला दगड कुठेतरी ठेवायला तर हवा. अशा कोरड्या रचाईच्या कलेला २०१८ साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. क्रोएशियासह आठ देशांनी मिळून तो प्रस्ताव दिला होता.

त्स्रेस संपतं तिथे ओसोर. मूळची एकच जमीन, पण प्राचीन काळीच इथे जेमतेम दहा-अकरा मीटर रुंदीचा कालवा खोदला गेला आणि एका बेटाची दोन झाली. कालव्यावर छोटासा फिरता पूल आहे. सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला तो बाजूला वळतो, शिडाच्या होड्या एकामागून एक पलीकडे जातात, आणि तोवर गाड्या मुकाट थांबतात. आम्हीही थांबलो. ओसोर एके काळी मोठं शहर होतं. रोमन काळात आणि नंतरही गलबतांना याच कालव्यातून जावं लागे, बिशपची गादी इथे होती. पुढे मोठी जहाजं बाहेरच्या समुद्रातून जायला लागली, त्यात प्लेग आणि मलेरियाने गाव खाल्लं. आज तिथे शंभर माणसंही कायमची राहत नाहीत. ग्रीक पुराणात मेडियाने आपल्या भावाला, अप्सिर्तोसला, मारून त्याचे तुकडे समुद्रात टाकले आणि त्यांची ही बेटं झाली, अशी कथा आहे. ओसोरच्या शांत गल्ल्यांतून फिरताना ती कथा खरी वाटत नाही, पण बेटांना आपलं जुनेपण सांगायला असं काहीतरी लागतंच.

लोशिनची खरी भरभराट शिडांची. एकोणिसाव्या शतकात या एवढ्याशा बेटावर जहाजं बांधणाऱ्या सहा गोद्या होत्या. १८५५ मध्ये, म्हणजे हाराचिच जन्मले त्याच वर्षी, माली लोशिनला नौकानयन शाळा निघाली. बेटावरचे कप्तान काळ्या समुद्रातून धान्य भरून पश्चिम युरोपात पोचवत, अटलांटिक ओलांडत. बायका घर, शेत आणि हिशोब सांभाळत. माली लोशिनजवळच्या चिकात खाडीच्या तोंडाशी मेरीमातेचं एक लहानसं चर्च आहे. जहाज खाडीतून बाहेर पडताना दिसेनासं होईपर्यंत घरची माणसं तिथे उभी राहत. आतल्या भिंतींवर वादळात सापडलेल्या जहाजांची चित्रं टांगलेली आहेत, सुखरूप परतलेल्यांनी नवस फेडायला दिलेली. चित्रं काढणारे काही मोठे कलावंत नव्हते. लाटा एकसारख्या कमानीसारख्या, शिडं फाटलेली, वरच्या कोपऱ्यात ढगात मेरीमाता. पण डोलकाठीवरचा प्रत्येक दोर जागच्या जागी आहे. ज्याने पैसे देऊन चित्र काढून घेतलं त्याला देवी थोडी इकडेतिकडे झालेली चालली असती, दोर चुकलेला चालला नसता.

वेली लोशिनला बंदरावरचं सेंट अँथनीचं चर्च बघितलं की त्या पैशाचा अंदाज येतो. एवढ्याशा गावात व्हेनिसहून आणलेली चित्रं, संगमरवरी वेद्या. कप्तानांची घरं उंच भिंतींच्या बागांत, आणि बागांत त्यांनी दूरदेशांहून आणून लावलेली झाडं. पाम, निवडुंग, लिंबू, संत्रं.

मग वाफ आली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आणि तिथून पुढे लोशिनची गोष्ट आपल्या किनाऱ्याला येऊन टेकते. तांबड्या समुद्रातले वारे शिडाच्या जहाजांना सोयीचे नाहीत. सुएझचा फायदा मिळाला तो आगबोटींना. ट्रिएस्ट बंदरातल्या ऑस्ट्रियन लॉईड या आगबोट कंपनीने सुएझमार्गे मुंबईशी नियमित वाहतूक सुरू केली. मुंबईच्या धक्क्याला ज्या बोटी लागायला लागल्या, त्याच जातीच्या बोटींनी लोशिनच्या शिडांचा धंदा बसवला. पोलादी आगबोट बांधायला लागणारं भांडवल बेटावरच्या बहुतेक घरांकडे नव्हतं. ज्यांच्याकडे होतं ते निघून गेले. कोसुलिच घराणं मूळचं माली लोशिनचं. ते ट्रिएस्टला गेले आणि १९०८ मध्ये जवळच मोनफाल्कोनेला त्यांनी प्रचंड गोदी काढली. आज त्या गोदीत जगातली मोठमोठी क्रूझ जहाजं बांधली जातात. बेटावर मागे उरले ते छोटे लोक. त्यांच्या नशिबी पुढे द्राक्षवेलींवरची कीडही आली आणि अमेरिकेची वाट धरणं आलं.

हाराचिच यांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली ती या घसरणीच्या काळात. मास्तर वनस्पतिशास्त्राचेही जाणकार. त्यांनी बेट पायाखाली घातलं, शेकडो वनस्पती गोळा करून त्यांची यादी केली, आणि १९०५ साली बेटाची हवा आणि वनस्पती यांवर इटालियन भाषेत सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यांच्या आकड्यांवरून दिसत होतं ते असं, की उत्तर युरोपात माणसं महिनोन्‌महिने धुरकट खोल्यांत कोंडून बसतात तेव्हा इथे जानेवारीतसुद्धा सरासरी सात-आठ अंश तापमान असतं. बुरा नावाचा थंडगार ईशान्य वारा मुख्य भूमीवरून डोंगर उतरून सुटतो, पण इथे पोचेपर्यंत त्याचा जोर बराच ओसरतो. वर्षाला साधारण २,६०० तास ऊन. व्हिएन्नाहून ट्रिएस्टपर्यंत आगगाडी होतीच, पुढे बोट. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला होता, पण तो मारायचा कसा हे कळायला आणखी साठ वर्षं जायची होती. तोवर डॉक्टरांच्या हातात होतं ते एवढंच: चांगलं खाणं, विश्रांती आणि हवापालट.

हवापालट हा शब्द माझ्या घरात फार वापरला गेला. मला लहानपणी दमा होता आणि आजोबा दर उन्हाळ्यात आम्हाला पाचगणीला घेऊन जात. त्यांच्या पिढीला पाचगणी म्हणजे मोठमोठ्या निवासी शाळा आणि सॅनिटोरियम. स्ट्रॉबेरी नंतर आली. पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसन यांनी तिथे परदेशी झाडं आणून लावली. तिथले सिल्व्हर ओक आज पाचगणीचेच वाटतात, पण ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. लोशिनला पाइनखाली फिरताना मला त्यांची आठवण झाली, कारण ही दोन्ही ठिकाणं एकाच समजुतीतून घडली. रोगी माणसाला हवा बरी करते, आणि हवा चांगली राहायला झाडं लागतात, ही ती समजूत.

कारण चिकात खाडीभोवतीचं ते दाट रान कुणी लावलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे उघडा खडक होता. शतकानुशतकं लाकूडतोड झालेली, उरलेलं मेंढ्यांनी खाल्लेलं. १८८० च्या दशकात तिथे वनीकरण सुरू झालं आणि त्यात हाराचिच पुढे होते. मुख्यतः अलेप्पो पाइन निवडला, कारण तो कोरड्या चुनखडीत, खाऱ्या वाऱ्यात तग धरतो. खडकाच्या खाचांत माती भरायची, रोप लावायचं, वाऱ्याच्या बाजूला दगड रचायचे आणि पुढच्या रोपाकडे वळायचं. विचार करा, चाळिशी न गाठलेला शाळामास्तर आपल्याला सावली मिळणार नाही हे ठाऊक असताना रोपं लावून घेतोय. हाराचिच १९१६ मध्ये गेले तेव्हा ते रान फार तर तिशीत होतं. आज ते सव्वाशे वर्षं पार करून गेलंय आणि त्याच्या सावलीतून किनाऱ्याच्या कडेने पायवाट जाते.

त्या वाटेवर पहाटे चालावं. समुद्र डाव्या हाताला, खडकात कोरलेल्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. पाइनच्या खोडांवरून चिकाचे थेंब ओघळून वाळलेले असतात, आणि ऊन वर चढलं की त्यांचा वास सुटतो. त्यात रोझमेरी, मर्टल आणि खारट ओल मिसळलेली. जमिनीवर पाइनच्या सुयांचा जाड थर. एके ठिकाणी खाली वाकून बघितलं तर सुयांमधून कडक, चामड्यासारख्या पानांची वीतभर रोपं वर आलेली दिसली. सदाहरित ओकची. भूमध्य किनाऱ्याचं मूळचं झाड हेच. पाइनने आधी सावली आणि माती दिली आणि आता त्या आडोशाने ओक परत येतोय. पाइनला वणव्याची भीती कायम असते, त्याची शंकूफळं तर आगीच्या धगीत उघडून बी सांडतात. ओकचं तसं नाही. म्हणजे मास्तरांचं काम अजून पुरं झालेलं नाही. ते आता झाडंच पुढे नेतायत.

राजघराण्यातल्यांना जागा कळायला वेळ लागला नाही. ऑस्ट्रियाच्या नौदलातला आर्चड्यूक कार्ल स्टेफान याने वेली लोशिनला हवेली बांधली आणि तिच्याभोवती देशोदेशींची झाडं आणून बाग केली. पुढे तीच हवेली श्वसनरोगाच्या आणि ॲलर्जीच्या रुग्णांसाठी उपचारकेंद्र झाली. माझ्यासारख्या दमेकऱ्याला हे वाचून किती बरं वाटलं, सांगता येत नाही. महालांची संग्रहालयं होतात, हॉटेलं होतात. ज्या हवेसाठी घर बांधलं ती हवा पुढे साध्या मुलांच्या छातीपर्यंत पोचावी, हे क्वचित घडतं.

विसाव्या शतकाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते एवढं गुंतागुंतीचं आहे की त्याला वेगळा लेख हवा. १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया, मग इटली, महायुद्धानंतर युगोस्लाव्हिया, १९९१ पासून क्रोएशिया. १९१० साली माली लोशिनला जन्मून नव्वदीच्या उंबरठ्यावर गेलेली बाई घर न बदलता चार देशांत राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन बोलणारी बरीच कुटुंबं घरंदारं सोडून इटलीत आणि त्याही पलीकडे गेली. आमच्या घरमालकीणबाईंच्या गल्लीत दोन घरांच्या दारांवर अजून जुनी इटालियन आडनावं आहेत, पण आत राहणारी माणसं दुसरी. शेजारच्या सुसाक बेटाचं तर निम्म्याहून अधिक गाव अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या होबोकेनमध्ये जाऊन वसलं. सुसाक हे सगळ्या चुनखडीच्या बेटांमधलं एकटं वालुकामय बेट, खडकावर वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक वाळूचे थर. दर वर्षी जुलैच्या शेवटी अमेरिकेतली नातवंडं तिथे परत येतात, स्थलांतरितांचा दिवस साजरा होतो. युगोस्लाव्हियाच्या काळात मोठी हॉटेलं झाली, कारखान्यांनी आपापल्या कामगारांसाठी सुट्टीची घरं बांधली, आणि हवापालट राजेरजवाड्यांकडून कामगारांपर्यंत आला. मला हा बदल मनापासून आवडतो.

पाण्याचं मात्र विस्ताराने सांगायला हवं. चुनखडीत पाऊस मुरून जातो, वर ओढा नाही, नदी नाही. आमच्या घरमालकीणबाईंच्या अंगणात एक चौकोनी दगडी ओटा होता, त्यावर लोखंडी झाकण. मला वाटलं तसं, खाली टाकी होती. त्यांनी झाकण उचलून दाखवलं. आत थंड, काळं पाणी, आणि त्यात आमचे दोघींचे चेहरे. छपराच्या कौलांवरून दगडी पन्हाळीने पावसाचं पाणी इथे येतं. सासूबाईंच्या वेळी पहिला पाऊस छप्पर धुवायला सोडून द्यायचा, मगच पन्हाळीचं तोंड टाकीकडे वळवायचं, अशी शिस्त होती असं त्या म्हणाल्या. आता नळ आहे. टाकीचं पाणी बागेला आणि कपड्यांना.

नळाचं पाणी येतं ते त्स्रेसवरच्या व्राना तळ्यातून. हे तळं म्हणजे एक नवलच आहे. त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या थोडा वर आणि तळ समुद्रसपाटीच्या साठेक मीटर खाली. चहूबाजूंनी खारा समुद्र असलेल्या बेटाच्या पोटात एवढं खोल गोडं पाणी. दोन्ही बेटांची तहान यावरच भागते. तळ्याकाठी जायला, पोहायला मनाई आहे. आम्ही ते उंचावरच्या रस्त्यावरून पाहिलं. उन्हाळ्यात माणसं अनेक पटींनी वाढतात आणि पाऊस त्याच महिन्यांत सगळ्यात कमी. एरवी माली लोशिनच्या पालिकेत, आजूबाजूची छोटी बेटं धरूनसुद्धा, आठ हजारांच्या आत माणसं राहतात. ऑगस्टमध्ये हॉटेलच्या खोलीत शॉवरखाली उभं राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा तो रस्ता चढून ते तळं बघून यावं असं मला फार वाटतं.

माली लोशिनच्या बंदरावर एका जुन्या वाड्यात एकाच पुतळ्यासाठी उभारलेलं संग्रहालय आहे. १९९६ साली एका बेल्जियन पर्यटकाला वेले ओर्युले या लहान बेटाजवळ पाण्यात बुडी मारताना ४५ मीटर खोलीवर एक माणूस पडलेला दिसला. ब्राँझचा. १९९९ च्या एप्रिलमध्ये त्याला वर काढलं, आणि समुद्राने त्याच्यावर चढवलेले थर उतरवायला सहा वर्षं लागली. हा अपोक्सिओमेनोस, म्हणजे अंग खरवडणारा खेळाडू. उंची १९२ सेंटीमीटर, इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. ग्रीक मल्ल अंगाला तेल लावून मातीत उतरत आणि नंतर वाकड्या पात्याने तेल, घाम, धूळ खरवडून काढत. आपल्या तालमीतला पैलवान कुस्ती झाल्यावर हौद्याच्या कडेला बसून अंगावरची तांबडी माती निपटतो, तोच थकवा, तेच समाधान या पुतळ्याच्या मान झुकवण्यात आहे. ओठांना तांब्याची झाक, केस घामाने चिकटलेले. तो जिंकला की हरला हे चेहऱ्यावरून कळत नाही, आणि मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले ती त्यासाठी.

पण मला त्याहून जवळचं वाटलं ते बाजूच्या काचपेटीतलं. पुतळा साफ करताना त्याच्या पोकळ अंगात उंदराचं घरटं सापडलं. वाळक्या काड्या, फळांच्या बिया, कुरतडलेल्या ऑलिव्हच्या आठळ्या. म्हणजे समुद्रात पडण्याआधी हा पुतळा कुठेतरी जमिनीवर आडवा पडून होता, आणि एका उंदराने त्यात आपला संसार थाटला होता. नंतर कुणीतरी त्याला जहाजात घातलं आणि लोशिनजवळ तो समुद्रात गेला. संशोधकांनी त्या बिया एकेक करून ओळखल्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या उंदराने काय खाल्लं याची यादी करणारी माणसं आणि रोज सकाळी पर्जन्यमापक बघणारे हाराचिच, एकाच गोत्राची. मोठ्या सौंदर्यासमोर उभं राहून बारीक गोष्टींची नोंद करत राहायला वेगळीच निष्ठा लागते.

त्याच गोत्रातले लोक आज वेली लोशिनला डॉल्फिन मोजतात. १९८७ पासून या बेटांभोवतीच्या समुद्रात बॉटलनोज डॉल्फिनचा अभ्यास चालू आहे, भूमध्य समुद्रातल्या सगळ्यात दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांपैकी हा एक. डॉल्फिन वर आला की पाठीवरच्या परावर छोटे-मोठे छेद दिसतात. दर डॉल्फिनचे छेद वेगळे. फोटो काढायचे, जुन्या फोटोंशी ताडून बघायचे, आई कोण, पिल्लू कुठलं, गेल्या वर्षीचा कुठला दिसला नाही हे लिहायचं. इथे दोनशेच्या आसपास डॉल्फिन आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एड्रियाटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर डॉल्फिन मारण्याबद्दल सरकारी बक्षीस मिळे, कारण मासेमाऱ्यांची जाळी फाडणारा तो शत्रू. एड्रियाटिकमध्ये पूर्वी मुबलक असलेली कॉमन डॉल्फिनची जात त्यानंतर जवळजवळ दिसेनाशी झाली. बॉटलनोज तेवढे टिकले.

आता त्यांना कुणी मारत नाही. आता आवाज होतो. संशोधकांनी ठरावीक ठिकाणी पाण्याखाली मायक्रोफोन सोडून वर्षानुवर्षं आवाज मोजला, आणि दिसलं असं की जुलै-ऑगस्टमध्ये मोटरबोटींचा गलका वाढला की डॉल्फिन आपल्या नेहमीच्या जागा सोडून दूर जातात. ज्या जागांवर त्यांना खायला मिळतं, पिल्लं वाढवता येतात, त्याच जागा. त्यांना पाण्यात दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतं; शिकार, पिल्लू, सोबती, सगळं आवाजावर. आपण बोटीतून 'डॉल्फिन दाखवतो' म्हणणाऱ्याला पैसे देतो आणि त्या बोटीच्या इंजिनाने डॉल्फिनचंच घर राहण्याजोगं ठेवत नाही.

त्स्रेसच्या गिधाडांचं दुखणंही असंच आहे. उत्तरेच्या कड्यांवर ग्रिफन गिधाडं थेट समुद्रावर घरटी करतात, काही तर पाण्यापासून थोड्याच उंचीवर. एका जोडीला वर्षाला एकच पिल्लू. ते पंख पसरायला शिकतं ते ऐन उन्हाळ्यात. खाली बोट आली, माणसं ओरडली, की घाबरून उडी घेतं आणि पाण्यात पडतं. भिजलेल्या पंखांनी ते उठू शकत नाही, कुणी वेळेवर उचललं नाही तर बुडतं. बेली गावात अशा पिल्लांना वाचवून, बरं करून परत सोडणारं केंद्र आहे. आपल्याकडे गिधाडं संपली ती गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने. तिथे मेंढपाळी घटली म्हणून अन्न घटलं. शिवाय शिकारीच्या शौकासाठी बेटावर आणून सोडलेली रानडुकरं कोकरं खातात, मेंढपाळ आणखी कंटाळतो. मेंढी गेली की गडगा ढासळतो, गडगा ढासळला की माती वाहून जाते, आणि गिधाड उपाशी राहतं. हॉटेलच्या जाहिरातीत जे 'निसर्ग' म्हणून छापतात त्यात मेंढपाळाचा वाटा किती, हे तिथे गेल्याशिवाय लक्षात येत नाही.

२००६ साली त्स्रेस-लोशिनभोवतीच्या समुद्राला डॉल्फिनसाठी राखीव क्षेत्र म्हणून तीन वर्षांचं तात्पुरतं संरक्षण मिळालं. मुदत संपली आणि ते कायम झालं नाही. पुढे क्रोएशिया युरोपीय संघात गेल्यावर हा समुद्र नातुरा २००० या युरोपीय संरक्षित जाळ्यात आला. कागदावर संरक्षण आहे, पण ऑगस्टच्या दुपारी खाडीत नांगरलेल्या बोटी पाहिल्या तर ते पुरेसं वाटत नाही. वेगावर आणि अंतरावर सक्तीची, तपासली जाणारी मर्यादा हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. आकडे तयार आहेत. १८९२ मध्ये सरकारने एका मास्तरांच्या आकड्यांवर विश्वास ठेवून गाव वाचवलं. आत्ताच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला तर त्याहून कमी धाडस लागतं.

कुणाला जायचं असेल तर सप्टेंबरचा शेवट किंवा मे महिना धरा. रियेकाहून प्रवासी बोट मिळते. गाडी असेल तर ब्रेस्तोवा ते पोरोझिना किंवा वाल्बिस्का ते मेराग ही फेरी घेऊन आधी त्स्रेसवर उतरायचं आणि ओसोरच्या पुलावरून पुढे. पुलाच्या वेळा लक्षात ठेवा. बोटीने फिरायचंच असेल तर शिडाची घ्या, नाहीतर संशोधकांचे नियम पाळणारा बोटवाला शोधा, तो डॉल्फिन दिसले की वेग उतरवतो आणि त्यांच्या वाटेत आडवा जात नाही. त्स्रेसच्या कड्यांखाली उन्हाळ्यात बोट नेऊच नका. मुक्कामाच्या घरी अंगणात टाकी असेल तर झाकण उचलून दाखवायला सांगा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात.